टवका बुजवताना नेमके काय बुजवायचे?

बाथटबच्या काठावर शॉवरची जड मूठ आदळते किंवा वॉश बेसिनमध्ये काचेची बाटली निसटते, आणि गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागाचा मसुराएवढा टवका उडतो. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाची नजर आधी तिथेच जाते. बाकीचा सगळा टब लखलखीत असला तरी तो एवढासा डाग खुपत राहतो. म्हणूनच टवक्याच्या दुरुस्तीचा विचार बहुतेक वेळा रंगापासून सुरू होतो. पांढरा कोणता घ्यायचा, कुठल्या कंपनीचा, ब्रशने लावायचा की स्प्रेने, एवढीच चर्चा होते, आणि बाजारातल्या छोट्या ट्यूब व बाटल्याही जुनी चमक परत आणण्याचेच आश्वासन देतात. माझ्या मते हा विचार चुकीच्या टोकाने सुरू होतो. टवका दिसतो ही तक्रार दुय्यम आहे. त्यातून पाणी आत कुठे जाते आणि तिथे काय करते, हा खरा प्रश्न. पाणी अडवणारी दुरुस्ती रंगाने थोडी उघडी पडली तरी ती यशस्वी समजावी. उलट ओळखूसुद्धा न येणाऱ्या दुरुस्तीच्या कडेतून पाणी झिरपत असेल तर काही महिन्यांत तिच्याभोवती तपकिरी रेघ उमटते आणि मग ती पापुद्र्यासारखी निघून येते. हे पटण्यासाठी त्या पांढऱ्या थराखाली काय असते आणि तो थर तिथे बसतो कसा, हे आधी पाहावे लागेल.

बाथरूममधल्या पांढऱ्या वस्तू एकाच कुळीच्या वाटल्या तरी त्यांच्या चकाकीखाली निरनिराळे पदार्थ असतात. वॉश बेसिन आणि कमोड बहुधा आरपार चिनी मातीचे असतात. केओलिन, बॉल क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे पातळ मिश्रण साच्यात ओतून, वाळवून, सुमारे १२०० अंश सेल्सिअसवर भाजतात आणि त्याच भाजणीत वरच्या लेपाची काच होते. जुना जड टब मात्र बिडाचा असतो, आणि त्यावर वितळलेल्या काचेचा मुलामा, म्हणजे एनॅमल, चढवलेला असतो. त्याहून हलका एनॅमल टब पोलादी पत्र्याचा असतो. गेल्या काही दशकांत आपल्याकडे बसवलेले बरेचसे टब तर यांपैकी कशाचेच नसून ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचे आहेत. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फ्रिजवरचे चुंबक काढून टबाला लावून पाहावे. चिकटले तर आत लोखंड. चिकटले नाही, ठोकल्यावर आवाज दबका आला आणि पृष्ठभाग हाताला फारसा गार लागला नाही, तर ॲक्रिलिक. हा फरक नुसता माहितीपुरता नाही. बिडाच्या टबावरचा तेलकटपणा ज्या ॲसिटोनने निघतो तेच ॲसिटोन ॲक्रिलिकचा पृष्ठभाग मऊ करून कायमचा धुरकट करते. ॲक्रिलिकची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे, तो इथेच सोडतो. आणखी एक तपासणीही आधीच उरकून घ्यावी. काळी खूण दिसली म्हणजे टवका उडालाच असे नाही. अंगठी, स्टीलची बादली किंवा पान्याचे टोक घासले की त्या धातूचाच पातळ लेप काचेवर उतरतो. नख फिरवून पाहावे. ते कुठेच अडकले नाही तर ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या सफाईच्या पावडरीने ती खूण निघते, दुरुस्ती करावी लागत नाही.

लोखंडावर काच बसवण्याची करामत आपल्याला अनोळखी नाही. निळ्या किनारीच्या पांढऱ्या थाळ्या, टमरेले, दवाखान्यातली तसराळी ही सगळी त्याच कुळातली. अशा थाळीचा टवका उडाल्यावर तिथे काळा ठिपका दिसतो आणि काही दिवसांनी त्याच्याभोवती तांबूस कडे येते, हेही अनेकांनी पाहिलेले असते. टबाची गोष्ट तीच, फक्त आकार मोठा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेबॉयगन इथे जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ साली शेतावरच्या बिडाच्या द्रोणीला एनॅमल चढवले. ती द्रोणी जनावरांना पाणी पाजायला आणि कापलेल्या डुकरांचे केस कढत पाण्याने सैल करायला वापरत. तिलाच पाय जोडून ती आंघोळीचा टब म्हणून विकायला काढली आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. बिडाच्या टबाला एनॅमल देण्याची पारंपरिक रीत मोठी धगधगीत आहे. ओतलेला टब भट्टीत लालबुंद तापवायचा, बाहेर काढून त्यावर काचेची बारीक भुकटी चाळणीतून भुरभुरायची, ती वितळून पसरली की पुन्हा भट्टीत सारायचे, आणि हवी तेवढी जाडी येईपर्यंत हेच करत राहायचे. असा थर साधारण एक मिलिमीटर किंवा थोडा अधिक जाड भरतो. पत्र्याच्या टबावर तो मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकाच असतो, आणि पत्रा थोडा लवतही असल्याने त्याचे टवके अधिक सहज उडतात. पत्र्यावरच्या पहिल्या थरात कोबाल्ट आणि निकेल यांची ऑक्साइड घालतात. त्यांच्यामुळे काच लोखंडाला रासायनिक रीतीने धरून राहते.

या जोडणीत आणखी एक युक्ती असते. तापल्यावर लोखंड जितके फुगते त्याहून किंचित कमी फुगणारी काच मुद्दाम निवडतात. भट्टीतून बाहेर आल्यावर लोखंड जास्त आक्रसते आणि वरची काच कायमची दाबाखाली राहते. काचेला दाब मानवतो, ताण मानवत नाही, म्हणून एवढा ठिसूळ पदार्थ रोजच्या वापरात दशकानुदशके टिकतो. जड वस्तूचा फटका एकाच बिंदूवर बसला की मात्र तिथे क्षणभर ताण निर्माण होतो, शंखासारख्या वळणाची कपची निसटते आणि तिच्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा राहतात. या भेगांना फार महत्त्व आहे. अणूंच्या बंधांवरून हिशेबाने येते त्याहून काचेची ताकद प्रत्यक्षात कितीतरी कमी का भरते, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली दिले. पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा असतात आणि ताण आला की सगळा जोर त्यांच्या टोकाशी एकवटतो, असे त्याने दाखवले. पुढे १९६७ साली वीडरहॉर्न या संशोधकाने सोडा-लाइम काचेवर मोजून दाखवले की हवेतला दमटपणा वाढला की तेवढ्याच ताणाखालची भेग कितीतरी झपाट्याने पुढे सरकते. भेगेच्या टोकाशी असलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला पाण्याचे रेणू मदत करतात. टवक्याची कड रोज ओली होत असेल तर तिथली काच आधीच या कामाला लागलेली आहे, असे समजायला हरकत नाही.

त्या काचेखाली लोखंड असेल तर पाण्याचे दुसरे काम सुरू होते. उघड्या लोखंडावर गंज चढतो हे सांगायला नको. पण गंजाची जागेची भूक लोखंडापेक्षा मोठी असते. जितके लोखंड गंजते त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याचा गंज व्यापतो. उघड्या ठिपक्यावर तो बाहेर फुगतो, तिथे फारसे बिघडत नाही. कडेला मात्र तो काचेच्या खाली शिरतो आणि तिला खालून उचलतो. दाबाखाली असलेली काच उचलली गेली की तुटते, नवे लोखंड उघडे पडते आणि तेच चक्र पुढे चालू राहते. मसुराएवढा टवका आपोआप चण्याएवढा होतो तो असा. निचऱ्याच्या भोकाभोवती हे सर्वांत लवकर घडते, कारण तिथे पाणी सदैव असते आणि कपलिंगच्या झाकणाखाली ते वाळतही नाही. वरून रंग दिला तर या प्रक्रियेत काय बदलते? गंज झाकला जातो, एवढेच. त्यातला ओलावा आणि क्षार आतच राहतात आणि काम चालू ठेवतात.

चिनी मातीच्या बेसिनची गोष्ट वेगळी, आणि हा भेद नीट न केल्यानेच बरेच श्रम चुकीच्या जागी जातात. चांगल्या चिनी मातीचे भाजलेले अंग जवळजवळ काचेइतकेच घट्ट असते. अशा सॅनिटरी वस्तूंसाठी असलेले भारतीय मानक, आयएस २५५६, पाणी शोषणाची मर्यादा वजनाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच ठेवते. लेपाचा टवका उडाला तरी खालचे अंग गंजत नाही, फुगत नाही. ते खडबडीत असल्याने मळ मात्र धरते आणि कालांतराने करडे दिसते. त्यामुळे बेसिनच्या बाहेरच्या काठाचा छोटा टवका तसाच ठेवला तर काहीही बिघडत नाही, आणि तिथे कुणी फक्त रंगाचा विचार केला तर तो रास्तच आहे. जाड भिंतींची फायरक्ले सिंके मात्र या सवलतीत बसत नाहीत. त्यांची माती अधिक सच्छिद्र असते, आणि टवक्यातून शिरलेले पाणी लेपाच्या खाली पसरते. शंका असेल तर टवक्यावर शाईचा थेंब ठेवून काही मिनिटांनी पुसून पाहावे. डाग आत मुरला असेल तर तिथून पाणीही मुरणार हे उघड आहे.

आता दुरुस्तीकडे. पहिला प्रश्न स्वाभाविकपणे असा येतो की काच उडाली तर पुन्हा काचच का बसवू नये? उत्तर भट्टीत आहे. एनॅमलची भुकटी वितळवायला आठशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ब्लो टॉर्चने फक्त टवक्यापुरती ती दिली तर शेजारची गार काच तापमानातल्या फरकाने तडकणार. आणि सगळा टब काढून कारखान्याच्या भट्टीत नेणे हे तो नवा बनवण्याइतकेच मोठे काम आहे. घरात होणारी प्रत्येक दुरुस्ती म्हणूनच काचेच्या जागी सेंद्रिय रेझिन बसवणारी असते, आणि त्यात बहुधा इपॉक्सी असते. या पदार्थाचा जन्म योगायोगाने आपल्या विषयाशी जवळचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकात पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्यातून हे रेझिन निघाले, सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ साली बाझेलच्या प्रदर्शनात अराल्डाइट या नावाने ते लोकांपुढे मांडले. टवका बुजवण्याच्या कामाला दंतवैद्यकाचीच उपमा शोभते. किडलेला भाग कोरून काढल्याशिवाय आणि पोकळी कोरडी केल्याशिवाय दंतवैद्य फिलिंग भरत नाही, आणि त्याचा बहुतेक वेळ भरण्यात जात नसून या तयारीतच जातो.

इपॉक्सीच्या मर्यादा समजल्या की ही तयारी का, तेही कळते. तापल्यावर ते एनॅमलच्या पाच-सहा पट फुगते. म्हणजे गरम पाण्याने टब भरला की थिगळ आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जातात आणि तो ताण नेमका कडेवर येतो. छोट्या आणि पातळ थिगळाला हे पेलते, तळहाताएवढ्या थिगळाला पेलणे अवघड. घरच्या तापमानाला घट्ट होणारे साधे इपॉक्सी पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि गिझरमधून थेट येणारे पाणी तेवढे गरम सहज असू शकते. ते काचेपेक्षा कितीतरी मऊ असल्याने खरखरीत पावडर आणि तारेची घासणी यांनी झिजते. उन्हाने पिवळे पडते. यातली एकही उणीव महागडी ट्यूब घेऊन पूर्णपणे जात नाही. पण यांपैकी कोणतीही उणीव पाणी अडवण्याच्या आड येत नाही, अट एकच, कड घट्ट धरलेली हवी. आणि कड धरते ती खालचा पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि खरखरीत असेल तरच.

म्हणून सुरुवात गंजापासून करावी. अणकुचीदार चाकूने किंवा छोट्या ग्राइंडरच्या टोकाने तो चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडायचा, आणि टवक्याच्या कडेची जी काच नखाने हलते किंवा खालून काळपट दिसते तीही काढून टाकायची. यामुळे खड्डा मोठा होतो आणि पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण सैल काचेवर चिकटवलेले थिगळ त्या काचेबरोबरच निघून येणार. छिन्नी-हातोडी मात्र वापरू नये, त्याने नव्या भेगा पडतात. फटींत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडवर आधारलेले रस्ट कन्व्हर्टर मिळते. ते गंजाचे लोहाच्या स्थिर संयुगात रूपांतर करते. इथे एक आपल्याकडची सवय आडवी येते. बोअरच्या पाण्याचे डाग काढायला बाथरूमचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, सर्रास ओततात आणि गंजही त्याने झटकन निघतो. पण ते उघडे लोखंडही खाते, आणि मागे राहिलेले क्लोराइड धातूच्या छिद्रांत दडून नवा गंज अधिक वेगाने आणते. टवका असलेल्या टबात ते ॲसिड कधीच जाऊ नये. यानंतर टवक्याभोवतीची दोन-तीन मिलिमीटर शाबूत काच बारीक वॉटर पेपरने घासून तिची चमक मारायची. रंगाकडे डोळा ठेवून काम करणारा माणूस नेमके हेच टाळतो, कारण चमक गेलेली कड नंतर दिसते. पण इपॉक्सीची पेस्ट खड्ड्याच्या रेषेवरच थांबली तर पाण्याला आत शिरायला ती रेषा मोकळी राहते, आणि गुळगुळीत काचेवर ओढलेला पातळ काठ सोलून निघतो. घासलेल्या काचेवर दोन मिलिमीटर पुढे गेलेली पेस्ट किंचित दिसेल, पण पाणी थांबवेल.

कोरडेपणा हा दुसरा, आणि महाराष्ट्रात अधिक कठीण, भाग. गळणारा नळ आधी बंद हवा, टब निदान रात्रभर वापराबाहेर हवा, आणि शेवटी हेअर ड्रायरचा मंद वारा देऊन खड्ड्याच्या तळातला ओलावा घालवायला हवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरचा काही अंश हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर मेणचट साय धरते. तिच्यावर दुसरा थर दिला तर तो धरत नाही. आधी साय पाण्याने धुवून, घासून काढावी लागते. पाऊस ओसरेपर्यंत थांबणे शक्य असेल तर तोवर उघड्या धातूवर तात्पुरते काही लावून काम पुढे ढकलणे शहाणपणाचे. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या घरांत बिडाचे टब अजून पुष्कळ आहेत. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण उलटी. हिवाळ्यात बाथरूम गार असेल तर इपॉक्सीची रासायनिक क्रिया इतकी मंदावते की दुसऱ्या दिवशीही थिगळ चिकट लागते. खोली आणि टबाचा धातू दोन्ही तापवूनच काम करावे.

रेझिन आणि हार्डनर पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळायचे. हार्डनर जास्त घातले की लवकर घट्ट होते, ही समजूत इपॉक्सीला लागू नाही. इथे दोन रेणूंची जोडणी होते आणि जोडीदार न मिळालेले रेणू थिगळ कायमचे मऊ ठेवतात. पहिला हात अगदी पातळ, धातूत घासून मुरवल्यासारखा द्यावा, खोल खड्डा दोन टप्प्यांत भरावा. पातळी किंचित वर ठेवून, पेस्ट रबरासारखी घट्ट झाली की धारदार ब्लेड आडवे धरून ती कापून सपाट करता येते. पूर्ण घट्ट झाल्यावर वॉटर पेपरनेही ते होते, पण त्यातले सिलिकॉन कार्बाइड काचेहून पुष्कळ कठीण असते आणि घासू नये तिथली काचही धुरकट करते, म्हणून भोवती मास्किंग टेप लावावी. हाताला चोवीस तासांत कोरडे लागले तरी पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो, आणि तोवर त्यावर गरम पाणी नको. घाईने वापरात आणलेली दुरुस्ती वाया जाते आणि दोष पेस्टला दिला जातो.

रंगाबद्दल थोडेच. पांढरा एक नसतो. जुन्या एनॅमलमध्ये टिन किंवा अँटिमनीची ऑक्साइड पांढरेपणा आणत, नंतर झिर्कोनियम आणि टायटॅनियमची आली, आणि प्रत्येकाची झाक निराळी. त्यात वर्षानुवर्षांच्या पाण्याने टब मंदावलेला असतो. नमुना टेपच्या तुकड्यावर लावून, सुकवून, टबाशेजारी धरून दिवसा आणि रात्रीच्या दिव्यात पाहिला की पुरे. यापलीकडे जाऊन रंग हुबेहूब जुळवणे हे कसबी माणसाचे काम आहे, आणि ते पाणी अडल्यावर करता येते.

यावर एक हरकत अशी की एवढ्याशा टवक्यासाठी हा खटाटोप कशाला, नेलपॉलिश लावा किंवा पांढरे सिमेंट भरा आणि मोकळे व्हा. नेलपॉलिशची मी अगदी थट्टा करणार नाही. तो पातळ पापुद्रा आहे, पण टवका आजच उडालेला, लोखंड अजून चकचकीत आणि कोरडे असेल, तर पेस्ट आणेपर्यंत काही दिवस तो पाणी थोपवतो. आजचा ताजा टवका महिन्याभराने गंजलेल्या टवक्याहून दुरुस्तीला कितीतरी सोपा असतो. सिमेंटला मात्र इतकेही श्रेय देता येत नाही. इतक्या पातळ थरात ते नीट पिकत नाही, आक्रसते, गुळगुळीत काचेला धरत नाही आणि मुळातच सच्छिद्र असल्याने पाणी शोषते. एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी रंगाने विजोड दिसते, पण तयारी नीट केली असेल तर ती सिमेंटच्या फार पुढे आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात, निचऱ्याच्या कपलिंगजवळ तर मी रंगीत पेस्टपेक्षा तिलाच पसंती देईन. तिथे कपलिंग काढून, तिच्या खालचा गंज साफ करून काम करणे भाग असते, आणि रंग तिथे कुणी पाहत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. थिगळे लावत बसण्यापेक्षा सगळ्या टबालाच नवे ग्लेझ का देऊ नये? रीग्लेझिंग या नावाने ही सेवा मिळते आणि चांगल्या हाताने केली तर टब खरोखर नवा दिसतो. पण नावात काहीही असले तरी ते भट्टीतले ग्लेझ नसून स्प्रेने दिलेला पॉलियुरेथेन, ॲक्रिलिक किंवा इपॉक्सीचा रंगच असतो. त्याच्याखाली एखादा गंजलेला टवका तसाच राहिला तर आता फुगा एका ठिपक्यापुरता न राहता अख्ख्या थराला पकडून वर येतो. म्हणजे टवका नीट बुजवण्यातून सुटका इथेही नाहीच. शिवाय या धंद्यातला धोका फार कमी लोकांना माहीत असतो. जुना थर काढायला मेथिलीन क्लोराइडचे द्रावण वापरत. त्याची वाफ हवेहून जड, ती टबाच्या खोलगट भागात साठते, आणि काम करणारा माणूस त्यातच वाकलेला असतो. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत टबांचे जुने थर काढताना या द्रावणामुळे किमान १३ कामगार दगावल्याची नोंद तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१२ साली प्रसिद्ध केली, आणि २०१९ साली तिथे सामान्य ग्राहकांना असे रंग काढणारे द्रावण विकण्यावर बंदी आली. पॉलियुरेथेनच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट दम्याला कारण ठरू शकते. आपल्याकडच्या एवढ्याशा झरोक्याच्या बाथरूममध्ये हे काम करवून घेणाऱ्याने कामगार कोणते द्रावण वापरतो, हवा बाहेर खेचणारा पंखा आहे का, आणि मास्क कापडाचा आहे की रसायनाच्या वाफेचा, हे आधी विचारायला हवे.

तिसरा पर्याय बदलून टाकण्याचा. पाच फुटी बिडाच्या टबाचे वजन दीडशे किलोच्या आसपास जाते. तो हलवायचा म्हणजे भोवतालच्या टाइल्स, खालचे वॉटरप्रूफिंग आणि निचऱ्याचा सांधा सगळे मोडणे, आणि नंतर खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली तर सोसायटीतला वाद वेगळाच. टवक्यासाठी हे करणे मला उधळपट्टी वाटते. तड्याचे मात्र तसे नाही. भिंतीवर टांगलेल्या चिनी मातीच्या बेसिनला किंवा कमोडच्या बैठकीला तडा गेला असेल तर वरून कितीही सुबक इपॉक्सी लावले तरी अंगावर पेलायच्या भाराची हमी त्यातून येत नाही, आणि फुटलेल्या चिनी मातीची धार फार वाईट कापते. मडके विकत घेताना वाजवून घेतात तसेच बेसिन बोटाच्या पेऱ्याने वाजवून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी फुटका, दबका आवाज आला तर ते बदलावेच.

बाकी दुरुस्तीनंतर वर्षातून एकदा, टब कोरडा असताना, थिगळाच्या कडेवरून नख फिरवून आणि टॉर्च तिरपा धरून पाहावे. रंग पिवळा पडला असेल तर राहू द्यावा. पण कडेला केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर आत पाणी पोचलेले आहे. तिच्यावर पांढऱ्याचा आणखी एक हात मारू नये. जुनी पेस्ट तळापर्यंत उकरून, गंज खरवडून, काम पुन्हा पहिल्यापासून करावे.